बोंडावरून नाते ठरत नाही

योहान हेडविग यांनी मॉसच्या वर्गीकरणाचा पाया घातला तो बोंडाच्या आधारावर. बीजाणूंनी भरलेले हे बोंड कसे आहे, त्याला झाकण आहे का, तोंडाशी दात आहेत का, हे पाहून वंश ठरवण्याची पद्धत १८०१ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ग्रंथापासून रुजली. पद्धत सोयीची आहे, पण नात्याच्या बाबतीत ती फसवते. युरोपात ओल्या मातीवर वाढणाऱ्या दोन मॉस घ्या. फिस्कोमिट्रियम पायरिफॉर्मीचे पेअरच्या आकाराचे बोंड सेंटीमीटरभर देठावर उभे राहते आणि झाकण गळून उघडते. पेटन्स या प्रजातीचे गोल बोंड मात्र जवळजवळ बिनदेठाचे, पानांतच बुडालेले असते. त्याला झाकणही नसते. कवच वेडेवाकडे फाटते तेव्हाच बीजाणू बाहेर पडतात. एवढ्या फरकामुळे पेटन्सला फिस्कोमिट्रेला हा वेगळा वंश मिळाला. बोंड नसताना मात्र दोघांची पाने आणि रोपटी फार सारखी दिसतात, आणि शंकेची सुरुवात इथूनच व्हायला हवी होती.

जनुकांच्या तुलनेने ती शंका खरी ठरवली. पेटन्ससारखी बुडालेली बोंडे असणाऱ्या मॉस एकाच पूर्वजाची लेकरे नाहीत. फिस्कोमिट्रियमच्या निरनिराळ्या शाखांमध्ये देठ निदान तीनदा, स्वतंत्रपणे आखडला आहे. कारण जगण्याच्या पद्धतीत असावे, असे मला वाटते. पेटन्स आटत्या तळ्यांच्या काठच्या चिखलात उगवते आणि पाणी परतण्याआधी घाईने बीजाणू तयार करते. तिथे उंच देठ वाढवण्यात वेळ घालवणे परवडणारे नाही. बीजाणू त्याच चिखलात पडले तरी पुढच्या उन्हाळ्यात जागा तीच मिळते.

यावर दोन आक्षेप येतात. रानात हिंडणाऱ्या अभ्यासकाजवळ भिंगाखेरीज काही नसते, मग त्याने बोंड पाहायचे नाही का? जरूर पाहावे, ओळख पटवायला ते उत्तमच आहे, पण ओळख आणि नाते या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेटन्स ही प्रयोगशाळांची लाडकी मॉस. तिचा जनुकसंच २००८ मध्ये, मॉसमध्ये सर्वांत आधी, वाचला गेला. फिस्कोमिट्रेला या जुन्या नावाने असंख्य शोधनिबंध असताना ते कशाला बदलायचे? कारण जुने नाव प्रश्नच लपवते. वेगळा वंश म्हटले की बिनदेठाचे बोंड हा पेटन्सचा मूळ स्वभाव वाटतो. पायरिफॉर्मीशेजारी ठेवले की कळते, हा देठ गमावलेला आहे, आणि तो कोणत्या जनुकांमुळे गमावला हे शोधता येते. २०१९ पासून अभ्यासक पेटन्सला फिस्कोमिट्रियममध्येच धरू लागले आहेत. तिचे घर तेच आहे.