चषकाच्या दारावरचं भांडण

लेखमाला : चषकांच्या कुळकथा – लेखांक 9

गेल्या आठवड्यात आपण इंग्लंडचा एफए चषक पाहिला. तिथे गल्लीतला क्लब आणि लिव्हरपूल एकाच स्पर्धेत उतरतात. दार सगळ्यांना उघडं. आजचा चषक नेमका उलट्या स्वभावाचा आहे. युरोपातल्या रग्बी क्लबांचा हा सर्वोच्च चषक, आणि त्याचा तीस वर्षांचा इतिहास म्हणजे आत कोणी यायचं, किती जणांनी यायचं आणि पैसे कसे वाटायचे यावरून झालेल्या भांडणांचा इतिहास. मैदानावरचे सामने अप्रतिम झाले, पण ते कोणत्या आराखड्यात खेळले जाणार हे दर वेळी बैठकीच्या खोलीत ठरलं.

सुरुवात झाली काळ्या समुद्राच्या काठावर. 31 ऑक्टोबर 1995 रोजी रुमानियातल्या कॉन्स्टांत्सा या बंदराच्या गावी फारुल या स्थानिक संघाची गाठ फ्रान्सच्या तुलूझशी पडली. तुलूझने 54-10 असा धुव्वा उडवला. युरोपीय चषकाचा हा पहिला सामना.

त्या वर्षी स्पर्धा का सुरू झाली, याचं उत्तर दोन महिने आधीच्या एका निर्णयात आहे. रग्बी युनियन हा शंभरहून अधिक वर्षं हौशी खेळ होता. खेळण्याचे पैसे घेणं हा गुन्हाच मानला जाई. ऑगस्ट 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने पॅरिसमध्ये ही बंदी उठवली आणि खेळ एका दिवसात व्यावसायिक झाला. आता खेळाडूंना पगार द्यायचे होते. पगारासाठी गर्दी हवी, गर्दीसाठी मोठे सामने हवेत आणि टीव्हीवर विकता येईल असं काहीतरी हवं. फ्रान्स, वेल्स, इंग्लंड यांच्या देशांतर्गत स्पर्धा होत्या, पण सीमा ओलांडणारी क्लबांची मोठी स्पर्धा नव्हती. ती पोकळी हायनेकन या बिअर कंपनीच्या प्रायोजकत्वावर उभ्या राहिलेल्या चषकाने भरली. गंमत म्हणजे मद्याच्या जाहिरातींवर निर्बंध असल्यामुळे फ्रान्समध्ये त्याचा उल्लेख नुसता ‘एच कप’ असा करावा लागे.

पहिल्या वर्षी 12 संघ होते : वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्सचे प्रत्येकी तीन, इटलीचे दोन आणि रुमानियाचा एक. तीन-तीन संघांचे चार गट. गटात दोन सामने, मग उपांत्य आणि अंतिम. म्हणजे तुलूझने हा चषक अवघे चार सामने खेळून जिंकला. 7 जानेवारी 1996 रोजी कार्डिफमध्ये यजमान कार्डिफ संघाला त्यांनी जादा वेळेत 21-18 असं हरवलं. इंग्लंड आणि स्कॉटलंडचे संघ त्या वर्षी आलेच नव्हते.

दुसऱ्या वर्षी ते आले. संघ 20 झाले, आणि त्या 20 मध्ये रुमानियाला जागा उरली नाही. ज्या देशात पहिला सामना झाला, तो दुसऱ्याच मोसमात बाहेर पडला आणि या स्पर्धेत पुन्हा कधी दिसला नाही. दार रुंद करताना कोणाला तरी उंबऱ्याबाहेर ढकलायचं, ही रीत तेव्हाच पडली.

तिसऱ्या वर्षी बाथने फ्रान्सच्या ब्रीवला 19-18 असं नमवून चषक इंग्लंडला नेला. त्या 19 पैकी सगळेच्या सगळे गुण जॉन कॅलार्ड या एकट्या खेळाडूचे होते. आणि चौथ्या वर्षी इंग्लिश क्लबांनी स्पर्धेवर बहिष्कार घातला. कारण तेच : कारभार कोणाच्या हातात आणि पैसा कोणाच्या खिशात. इंग्लंडविना झालेली ती स्पर्धा अल्स्टरने जिंकली. 30 जानेवारी 1999 रोजी डब्लिनच्या लान्सडाउन रोडवर त्यांनी फ्रान्सच्या कोलोमिएचा 21-6 असा पराभव केला. अल्स्टर हा आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत. त्याचा मोठा भाग ब्रिटनच्या ताब्यात, उरलेला आयर्लंड प्रजासत्ताकात. दशकांच्या रक्तपातानंतर शांतता करार होऊन तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. अशा वेळी बेलफास्टचा संघ डब्लिनमध्ये खेळला आणि डब्लिनकरांनी त्याला आपला म्हणून डोक्यावर घेतलं. बहिष्कारामुळे त्या विजेतेपदाची किंमत कमी झाली असं म्हणणारे होते. आयर्लंडमध्ये मात्र ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

इथे थोडं थांबून हे संघ नेमके कोण, ते पाहायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघतात. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये हे खरेखुरे क्लब आहेत : शहराचे, मालकांचे, स्वतःच्या हिशेबावर चालणारे. आयर्लंडने व्यावसायिक युग आल्यावर वेगळा मार्ग घेतला. त्यांनी लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट हे जुने चार प्रांतच संघ म्हणून उतरवले आणि खेळाडूंचे करार राष्ट्रीय संघटनेने आपल्या हाती ठेवले. आपल्याकडे रणजी करंडकात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ उतरतात, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की समोर प्रांत नसून भांडवलदारांचे क्लब उभे असत. स्कॉटलंडने एडिंबरा आणि ग्लासगो एवढे दोन संघ राखले.

वेल्सला हे सर्वांत जड गेलं. तिथे दरीदरीत, खाणीच्या गावागावांत क्लब होते आणि शेजारच्या गावाशी असलेलं वैर हाच त्यांचा प्राण होता. 2003 मध्ये संघटनेने वरच्या पातळीवरचे नऊ क्लब गुंडाळून पाच प्रादेशिक संघ केले. नीथ आणि स्वान्सी हे जन्माचे वैरी एकाच संघात बसले. पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड यांना जोडून केलेला सेल्टिक वॉरियर्स हा संघ तर एकाच मोसमानंतर, 2004 मध्ये बंद झाला. पाँटिप्रिड पहिल्या युरोपीय स्पर्धेतल्या 12 संघांपैकी एक होता. दहा वर्षं व्हायच्या आत त्या गावाचं नाव वरच्या रग्बीतून पुसलं गेलं. आजवर वेल्सच्या एकाही संघाने हा चषक जिंकलेला नाही.

आता आराखड्याकडे वळू. 1999-2000 पासून पुढची जवळजवळ पंधरा वर्षं जी रचना टिकली, ती या स्पर्धेचा सुवर्णकाळ मानली जाते. 24 संघ, चार-चार संघांचे सहा गट. गटातल्या प्रत्येकाशी दोनदा सामना : एकदा घरी, एकदा परक्या मैदानावर. सहा गटविजेते आणि दोन सर्वोत्तम उपविजेते उपांत्यपूर्व फेरीत. म्हणजे 24 पैकी फक्त 8 पुढे. गटात दुसरा येऊनही बहुतेकांना घरीच जावं लागे.

या कडक गणिताने काय साधलं, ते 18 जानेवारी 2003 च्या एका सामन्यावरून कळतं. आयर्लंडच्या लिमरिक शहरात थॉमंड पार्क हे मन्स्टरचं घरचं मैदान. तिथे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू किक मारायला उभा राहिला तरी सगळं स्टेडियम चिडीचूप होतं. स्पर्धा सुरू झाल्यापासून मन्स्टर तिथे या चषकात कधीच हरला नव्हता, आणि 2007 पर्यंत हरणार नव्हता. गटातला शेवटचा सामना ग्लॉस्टरशी होता आणि नुसतं जिंकून भागणार नव्हतं. मन्स्टरला चार ट्राय करायच्या होत्या आणि 27 गुणांच्या फरकाने जिंकायचं होतं. रग्बीत प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, तिचे 5 गुण. त्यानंतरची कन्व्हर्जन किक दांड्यांमधून गेली की आणखी 2. इंग्लंडमध्ये तेव्हा जोरात असलेल्या ग्लॉस्टरला 27 गुणांनी हरवणं कोणी गृहीत धरलं नव्हतं. शेवटच्या क्षणांत जॉन केलीने चौथी ट्राय केली. मग रोनन ओगारा कन्व्हर्जनसाठी उभा राहिला. चेंडू दांड्यांमधून गेला. 33-6. फरक बरोबर 27. त्या सामन्याला आयर्लंडमध्ये आजही ‘चमत्काराचा सामना’ म्हणतात.

चमत्कार खेळाडूंनी केला, पण त्याची जागा आराखड्याने तयार केली होती. सहा सामने, घरी आणि बाहेर, आणि पुढे जायला अगदी अरुंद वाट. म्हणून शेवटच्या किकवर सगळा हिवाळा तोलला गेला. याच ओगाराने 2000 च्या अंतिम सामन्यात शेवटी पेनल्टी चुकवली होती आणि मन्स्टर नॉर्थॅम्प्टनकडून 9-8 असा हरला होता. 2006 मध्ये बियारिट्झला 23-19 असं हरवून मन्स्टरने अखेर चषक उचलला, तेव्हा त्या विजयामागे या सगळ्या वर्षांचं ओझं होतं. त्या चमत्काराच्या पुढच्याच मोसमात, 2003-04 पासून, गटांत बोनस गुण आले : विजयाला 4, बरोबरीला 2, चार ट्रायसाठी एक जादा, आणि 7 किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तरी एक. हरणाऱ्या संघालाही शेवटच्या मिनिटापर्यंत धावायला कारण मिळालं.

गर्दी वाढत गेली. 2009 मध्ये लेन्स्टर आणि मन्स्टर यांची उपांत्य लढत डब्लिनच्या क्रोक पार्कवर 82,208 लोकांनी पाहिली. दुसऱ्या उपांत्य सामन्यात इंग्लंडचा लेस्टर आणि कार्डिफ जादा वेळेनंतरही 26-26 वर अडकले आणि निकाल फुटबॉलसारखा एकेका किकवर लावावा लागला. कार्डिफच्या मार्टिन विल्यम्सची किक चुकली आणि लेस्टर जिंकला. आयुष्यभर स्क्रममध्ये खांदा लावणाऱ्या खेळाडूला अशी किक मारायला लावणं अन्यायाचं आहे, अशी ओरड त्यानंतर बरीच झाली.

पैसा वाढला तसं भांडणही वाढलं. 2012 मध्ये इंग्लिश आणि फ्रेंच क्लबांनी नोटीस दिली : 2014 नंतर आम्ही नाही. त्यांच्या दोन तक्रारी होत्या. एक, उत्पन्नाचा सुमारे 52 टक्के वाटा आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या संघांना मिळे. इंग्लंड आणि फ्रान्सला प्रत्येकी 24. दोन, स्कॉटलंडच्या संघांना आपल्या लीगमध्ये तळाला राहूनही प्रवेश पक्का असे, तर इंग्लिश आणि फ्रेंच क्लबांना तो दर वर्षी कमवावा लागे. प्रवेशाची अशी धास्ती नसल्यामुळे आयरिश प्रांत आपल्या लीगमध्ये मुख्य खेळाडूंना विश्रांती देऊन चषकासाठी ताजे ठेवत, असाही आरोप होता. लेन्स्टरने 2009, 2011 आणि 2012 असे चार वर्षांत तीन चषक नेले होते, त्यामुळे आरोपाला धार होती. त्यातच इंग्लिश क्लबांनी बीटी या कंपनीशी स्वतंत्र टीव्ही करार केला आणि जुन्या प्रक्षेपकाशी जुंपली.

दुसरी बाजूही लंगडी नव्हती. एडिंबरा किंवा इटलीचा ट्रेव्हिझो यांना मोठ्या संघांशी खेळायलाच मिळालं नाही, तर ते मोठे होणार कधी? आणि तुलूझला हरवायला इंग्लंड-फ्रान्सपलीकडे कोणी उरलंच नाही, तर त्या स्पर्धेला युरोपीय तरी कशाला म्हणायचं? एप्रिल 2014 मध्ये तडजोड झाली. डब्लिनमधली जुनी संस्था विसर्जित झाली, स्वित्झर्लंडमध्ये नवी उभी राहिली. पैसे तीन लीगांत समसमान : इंग्लंडची, फ्रान्सची आणि उरलेल्या चार देशांची सामाईक. संघ 24 वरून 20. छोट्या देशांपैकी प्रत्येकाचा किमान एक संघ राहील, एवढी हमी तेवढी मिळाली. क्लबांनी मागितलं ते बहुतेक मिळवलं.

मग महामारी आली. 2020-21 मध्ये घाईने 24 संघांचे दोन मोठे गट केले, आणि त्यातलेही निम्मे सामने रद्द झाले. ती तात्पुरती सोय होती, पण 24 हा आकडा मात्र राहिला. 2022-23 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे संघ आले आणि युरोपचा चषक विषुववृत्ताच्या पलीकडे पोचला. प्रिटोरियाच्या बुल्सनी एप्रिल 2024 मध्ये उपांत्यपूर्व सामन्यासाठी इंग्लंडला दुय्यम संघ पाठवला आणि नॉर्थॅम्प्टनने त्यांना 59-22 असं झोडपलं. लांबचा प्रवास, घरची लीग आणि थकलेले खेळाडू यांत चषकच मागे पडला.

आजची रचना अशी : तीन लीगांतून प्रत्येकी आठ, एकूण 24 संघ. सहा-सहांचे चार गट, प्रत्येक गटात एकेका लीगचे दोन. आपल्याच लीगच्या संघाशी गटात सामना नाही. उरलेल्या चौघांशी एकेकदा, दोन घरी, दोन बाहेर. प्रत्येक गटातले पहिले चार बाद फेरीत. पाचवा खालच्या चॅलेंज चषकात. फक्त सहावा घरी.

आता बेरीज करून पाहा. जुन्या रचनेत गटांतले 72 सामने 16 संघांना चषकाबाहेर काढत. आज गटांतले 48 सामने आठांना बाहेर काढतात, आणि त्यातल्या चौघांना दुसरा चषक मिळतो. समर्थक म्हणतात की हंगाम गच्च भरलाय, खेळाडूंची शरीरं मोडतायत, आणि गटात वर राहिलात तर बाद फेरीत घरचं मैदान मिळतं, म्हणजे गटाला अर्थ आहेच. पहिला मुद्दा गंभीर आहे, पण हिशेबाला उतरत नाही. विजेता पूर्वी नऊ सामने खेळे, आज आठ. एका सामन्याची बचत करायला परतीची लढत बळी दिली गेली. ज्याने डिसेंबरमध्ये हरवलं त्याच्या घरी जानेवारीत जाऊन हिशेब चुकता करण्याची सोयच उरली नाही.

बाद फेरी सुरू झाली की हा चषक अजूनही दम रोखायला लावतो. 2023 मध्ये लेन्स्टर आपल्याच डब्लिनमध्ये पहिल्या पाव तासात 17-0 ने पुढे होता, तरी फ्रान्सच्या ला रोशेलने 27-26 असा सामना काढला. ला रोशेलचा प्रशिक्षक होता रोनन ओगारा. 2024 ला तुलूझने लेन्स्टरला जादा वेळेत 31-22 असं हरवून सहावा चषक नेला. 2025 ला बोर्दो-बेग्लने पहिल्यांदा नाव कोरलं. म्हणजे खेळ कुठे कमी पडलेला नाही. कमी पडलाय तो जानेवारीतल्या सामन्यांचा धाक. 1998 चा बहिष्कार असो की 2014 ची तडजोड, दर वेळी भांडण झालं ते पैसा कोणाचा आणि आत कोण येणार यावर. आत आल्यावर बाहेर पडणं किती सोपं असावं, यावर कोणी भांडलं नाही. आणि स्पर्धेची चव ठरते ती नेमकी त्यावर. 24 संघ ठेवायचे असतील तर ठेवा, पण पुढे आठच पाठवा. एवढ्या एका बदलाने गटातला प्रत्येक सामना पुन्हा किमतीचा होईल.

पुढील लेखांकात : न्यूझीलंडची रॅनफर्ली ढाल. तिला गट नाहीत, फेऱ्या नाहीत. ढाल ज्याच्याकडे, त्याच्या मैदानावर येऊन ती जिंकून न्यायची.