पटावर नाव, घरात मूल

मार्चअखेरीस कळमनुरी तालुक्यातील एका वस्तीवर भीमजयंतीच्या तयारीची बैठक होती. आम्हीही गेलो होतो. विहारात पन्नासेक माणसे जमली होती. वर्गणी किती घ्यायची, मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची, डीजे लावायचा की नाही, यावर दोन तास चर्चा झाली. बैठक संपल्यावर विहाराशेजारच्या घरात पाणी प्यायला थांबलो. ओसरीवर गोधडी अंथरलेली आणि तिच्यावर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी पडून होती. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ, मान सावरत नाही, बोलणे अस्पष्ट. पण आम्ही ‘जयभीम’ म्हणताच ती हसली आणि हात उचलायची धडपड करू लागली. तिला सगळे कळत होते.

आईवडील दिवाळीपासून कोयत्यावर गेलेले. घरी आजी.

“आजी, पोरीच्या शाळेचं काय?” आम्ही विचारले.

“नाव हाय की पटावर. सहावीत हाय म्हणत्यात. गुरुजी म्हणले, हिला घरीच राहू द्या, आता घरी शिकवायचा कायदा झालाय.”

“मग शिकवायला कोण येतं?”

“दोन खेपा मानसं आली व्हती. फोटू काढला, आंगठा घेतला. शिकवाया कोन येतंय, बाबा?”

मुलगी सहावीत आहे आणि तिला एक अक्षर शिकवलेले नाही. सरकारी कागदावर ती शाळाबाह्य नाही, प्रत्यक्षात तिने शाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की, कायद्याने दिलेला हक्क या ओसरीपर्यंत येता येता उलटा कसा झाला?

आधी कायदा नीट समजून घेतला पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मूळ कायद्यात अपंग मुलांचा विचार अपुरा होता. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि २०१२ साली दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने अपंग मुलांना वंचित घटकात समाविष्ट केले. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचा हक्कही दिला. पुढे २०१६ चा अपंग हक्क कायदा आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने मान्य अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

या कायद्यात ‘हक्क’ आणि ‘पर्याय’ हे दोन शब्द आहेत. पर्याय निवडायचा आहे तो मुलाने आणि पालकाने. मुख्याध्यापकाने नव्हे, केंद्रप्रमुखाने नव्हे. शाळेत उताराचा रस्ता नाही, मुलीला वापरता येईल असे संडास नाही, उचलून घ्यायला मदतनीस नाही, म्हणून ‘घरीच ठेवा’ असे सांगणे म्हणजे पर्याय देणे नव्हे. ते सरळसरळ बाहेर काढणे आहे. फरक एवढाच की, या वेळी दार लावताना हातात कायद्याचा कागद आहे.

पुण्या-मुंबईत अलीकडे ‘होमस्कूलिंग’ हा शब्द फार ऐकू येतो. शिकलेले, सुस्थितीतील आईवडील शाळेला कंटाळून मुलांना घरी शिकवतात. त्यांच्या घरात पुस्तके आहेत, संगणक आहे, दिवसभर मुलाजवळ बसणारी आई किंवा बाप आहे. त्यांचे घरी शिकवणे ही त्यांची निवड आहे. आमच्या वस्तीतल्या मुलीचे घर म्हणजे एक ओसरी, एक म्हातारी आणि सहा महिने उसाच्या फडात असलेले आईवडील. दोघांनाही ‘घरचे शिक्षण’ म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

आम्हाला येथे साताऱ्याची शाळा आठवते. बालवयातील भीमरावांना वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे. पटावर नाव होते, पण इतर मुलांच्या बरोबरीने बसण्याची जागा नव्हती. त्या तरटावरून उठलेल्या माणसाने देशाची घटना लिहिली. आज या मुलीचे नाव पटावर आहे आणि तिला त्या कोपऱ्याइतकीही जागा नाही. घटनेचे ४१ वे कलम अपंगत्वाच्या प्रसंगी राज्याने साहाय्य करावे असे सांगते, त्याच कलमात शिक्षणाचाही उल्लेख आहे. हे दोन्ही शब्द एकाच कलमात आहेत, याचा विसर राज्यकर्त्यांना पडला तसा आपल्यालाही पडला.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. ५ ते १९ वयोगटातील अपंग मुलांपैकी ६१ टक्केच शिक्षणसंस्थेत जात होती. बहुविकलांग मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी शाळा कधी पाहिलीच नव्हती. गरोदर बाईला पोटभर अन्न नाही, उसाच्या फडात शेवटच्या महिन्यापर्यंत मोळी उचलावी लागते, बाळंतपणाला वेळेवर दवाखाना नाही. अशा ठिकाणी अपंगत्व अधिक येणार, हे समजायला पंडित लागत नाही. म्हणून हा प्रश्न ‘त्या बिचाऱ्यांचा’ नाही. हा जातीचा आणि पोटाचा प्रश्न आहे.

आता थोडे आपल्याविषयी. निघताना आजी हळूच म्हणाली, “मागल्या जन्माचं काहीतरी आसंल, बाबा.” घरात बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांची होती. तरी हे वाक्य आले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माची कल्पना खोडून काढली. गरिबाच्या आणि दीनाच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, हाच या कल्पनेचा उपयोग, हे त्यांनी दाखवून दिले. या मुलीच्या बाबतीत नेमके तेच घडते आहे. मागच्या जन्मावर भार टाकला की या जन्मातल्या गटशिक्षणाधिकाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. १९५६ ला आपण धम्म घेतला, पण अपंग मूल जन्मले की आपल्याही घरात देवऋषी येतो. हे आपण कधी थांबवणार?

नावाचेही तसेच. २०१५ पासून ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात ‘हरिजन’ या नावाला विरोध करून बाबासाहेबांनी आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग केला होता. देवाचे नाव चिकटवून माणसाचे दुःख कमी होत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? नाव काहीही द्या, शिक्षक द्या.

आणि शिक्षक नाहीत असेही आता म्हणता येणार नाही. विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले. त्यानंतर २०२२ साली केंद्राने प्राथमिक स्तरावर १० व उच्च प्राथमिक स्तरावर १५ अपंग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत अपंग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे. अपंग मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातून १० महिने, वेगळे आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे आहेत. ही रक्कम मोठी नाही, हे खरे. पण ती कोणाच्या नावावर खर्ची पडते, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

घरी शिक्षण म्हणजे काय, हेही पालकांना कोणी सांगत नाही. या मुलीला उद्याच बाराखडी यावी, असा त्याचा अर्थ नाही. आधार देऊन बसवणे, घास स्वतःच्या हाताने तोंडाकडे नेता येणे, हवे-नको चित्रावर बोट ठेवून सांगता येणे, वस्तू ओळखणे, मोजणे, मग अक्षर. यासाठी त्या एका मुलाचा वेगळा आराखडा लिहावा लागतो. शिक्षकाने ठरलेल्या दिवशी घरी यायचे, घरच्यांना व्यायाम आणि शिकवण्याची पद्धत दाखवायची, झालेली प्रगती नोंदवायची. वर्गातल्या मुलांनीही तिच्याकडे यावे, तिलाही शाळेत कार्यक्रमाला न्यावे आणि जमेल तेव्हा वर्गात बसवावे. घर ही शाळेची एक खोली झाली पाहिजे. ती कोठडी होता कामा नये.

म्हणून कळमनुरीच्या आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला आमचे सांगणे आहे. जयंतीची वर्गणी मागायला घरोघर जाताच, त्याच फेरीत वहीत नोंद करा : कोणत्या घरात अपंग मूल आहे, वय किती, नाव कोणत्या शाळेत, शिक्षक शेवटचा कधी आला. प्रमाणपत्र नसेल तर एका कार्यकर्त्याने त्या आजीला आणि मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन जावे. वर्गणीतून गाडीभाडे द्यावे. मुलाचा आराखडा आणि भेटींची नोंद गटसाधन केंद्राकडे लेखी मागावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील नसतात, तेव्हा त्या मुलाचे काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा. आणि विहाराची दारे आठवड्यातून एक दिवस या मुलांसाठी उघडावीत. तिथे शिक्षकाने यावे, शेजारची चार मुले जमावीत.

त्या दिवशी विहारात दोन तास मिरवणुकीवर बोलणे झाले आणि भिंतीपलीकडच्या मुलीचा विषय एकानेही काढला नाही. आमच्याही तोंडून निघाला नाही. ‘शिका’ हा आदेश चालणाऱ्या, बोलणाऱ्या मुलांपुरता नव्हता. यंदाची मिरवणूक तिच्या ओसरीसमोर थांबली पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांनी तिच्या शिक्षकासाठी कळमनुरीच्या कचेरीसमोर उभे राहिले पाहिजे.

जयभीम!