गाठ पाण्याची की मांसाची?

१९५५ सालची गोष्ट. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड एके दिवशी बॉयलर तयार करणाऱ्या कारखान्यात गेले. मोटारीतून त्यांनी नेल्या होत्या शस्त्रक्रियेने काढलेल्या काही गाठी! धातूतील बारीक भेगा शोधण्यासाठी त्या कारखान्यात श्रवणातीत ध्वनीचे, म्हणजे आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे, यंत्र वापरीत असत. डोनाल्ड यांनी त्या यंत्राने गाठी तपासल्या. भरीव गाठींच्या आतून अनेक प्रतिध्वनी परत आले. अंडाशयातील पाणीदार गाठीच्या आतून मात्र एकही आला नाही!

पुढे पोट फुगलेली एक स्त्री त्यांच्याकडे तपासणीसाठी आली. तिला जठराचा असाध्य कर्करोग झाला आहे, असे निदान झाले होते. डोनाल्ड यांच्या यंत्राने मात्र दाखविले की, गाठ द्रवाची आहे. शस्त्रक्रियेत अंडाशयाची मोठी पिशवी निघाली आणि ती स्त्री बरी झाली. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजची सोनोग्राफी या प्रयत्नांतूनच वाढली.

पिशवी कशी तयार होते?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचे एकेक अंडाशय असते. त्यात पुटके, म्हणजे अपक्व अंडी धारण करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात. मुलगी वयात आल्यावर दर महिन्याला काही पुटके वाढू लागतात. त्यांपैकी बहुधा एकच पूर्ण वाढते. द्रव साठून ते सुमारे २ सेंमी. व्यासाचे होते, फुटते आणि अंडे बाहेर पडते. मागे उरलेल्या भागाचा पीतपिंड बनतो. गर्भधारणा झाली नाही, तर तो सुकून जातो.

कधी पुटक फुटतच नाही व त्यात द्रव साठत राहतो. तर कधी पीतपिंडातच द्रव किंवा रक्त साठते. अशा पिशवीला द्रवार्बुद किंवा ‘सिस्ट’ म्हणतात. या प्रकारची बहुतेक द्रवार्बुदे दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात. पुष्कळ स्त्रियांना त्यांचा पत्ताही लागत नाही.

काही द्रवार्बुदे मात्र वेगळी असतात. एका प्रकारात चरबी, केस, क्वचित दातसुद्धा सापडतात! अंडपेशीपासून शरीरातील कोणतेही ऊतक बनू शकते, त्याचा हा परिणाम. दुसऱ्या प्रकारात जुने, दाट, तपकिरी रक्त असते. हे प्रकार सहसा आपोआप जिरत नाहीत.

उपचार केव्हा?

सोनोग्राफीच्या चित्रात द्रव काळा दिसतो, कारण तेथून प्रतिध्वनी येत नाही. पातळ भिंतीची, आतून संपूर्ण काळी आणि ५ सेंमी.पेक्षा लहान पिशवी पाळी चालू असलेल्या स्त्रीत आढळली, तर सहसा काहीच करावे लागत नाही. ती मोठी असेल, तर काही काळाने पुन्हा तपासतात. पिशवी वाढत गेली, दुखू लागली किंवा तिच्यात भरीव भाग दिसला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीत अधिक काळजी घेतात व रक्तही तपासतात, कारण त्या वयात कर्करोगाची शक्यता वाढते. साधी पिशवी अनेकदा पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने काढता येते आणि तरुण स्त्रीचे अंडाशय शक्य तोवर राखले जाते.

एका प्रसंगी मात्र वाट पाहणे घातक ठरते. पिशवीच्या वजनाने अंडाशयाला देठाशी पीळ बसला, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ येते व बहुधा उलट्याही होतात. ‘पाळीचे दुखणे असेल’ असे म्हणून पोट शेकत बसण्यात मोलाचा वेळ जातो. ताबडतोब रुग्णालयात नेऊन पीळ सोडविला, तर अंडाशय वाचू शकते. म्हणून असे दुखणे कोणत्याही मुलीने लाजेने लपवू नये आणि घरातल्यांनी ते क्षुल्लक मानू नये.

‘गाठ’ हा शब्द ऐकताच घाबरण्याचे कारण नाही. ती पाण्याची की मांसाची, केवढी आणि कोणत्या वयात, हे आधी विचारावे. थांबायचे की धावायचे, ते या उत्तरांवरून ठरते.