शेअर तेवढेच, पण वाटा अर्धा! छोट्या कंपनीत तुमचा पैसा कसा जातो, समजून घ्या

आता गावोगावी मोबाईलवरून शेअर घेतले जातात. छोट्या कंपनीचा शेअर स्वस्त दिसतो, म्हणून तिकडे ओढा जास्त. पण अशा कंपनीतून तुमचा पैसा दोन वाटांनी जाऊ शकतो आणि मोबाईलवर ते लगेच दिसत नाही.

आधी गिरणीचं उदाहरण

समजा, गावातल्या गिरणीचे १०० शेअर आहेत, त्यातले १० तुमचे. म्हणजे वाटा १० टक्के. गिरणी चालवणाऱ्याने गल्ल्यातले ३ लाख स्वतःच्या घरासाठी उचलले आणि वहीत लिहिलं, 'मशीनसाठी ॲडव्हान्स'. ही पहिली वाट. मग पैसे कमी पडतात म्हणून त्याने आणखी १०० शेअर काढले आणि स्वस्तात मेहुण्याला दिले. तुमच्याकडे शेअर १०च राहिले, पण वाटा ५ टक्क्यांवर आला. ही दुसरी वाट.

नवे शेअर काढणं हा गुन्हा नाही. भाव रास्त असेल आणि पैसा धंद्यात लागला, तर सगळ्यांचाच फायदा. घोळ होतो तो लपवाछपवीने.

जेनसोलमध्ये काय झालं?

जेनसोल इंजिनिअरिंग ही २०१९ मध्ये छोट्या कंपन्यांच्या एसएमई बाजारात आलेली कंपनी. सेबीने १५ एप्रिल २०२५ रोजी तिच्याबद्दल अंतरिम आदेश काढला. त्यातल्या प्राथमिक निष्कर्षांनुसार, ६,४०० इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सरकारी वित्तसंस्थांकडून ६६३.८९ कोटींचं कर्ज घेतलं, पण गाड्या आल्या ४,७०४. काही पैसा फिरत फिरत प्रवर्तकांशी संबंधित कंपन्यांकडे आणि गुरुग्राममधल्या आलिशान फ्लॅटकडे गेला. एवढंच नाही, प्रवर्तकांच्या कंपनीने जेनसोलचे नवे शेअर घेतले, त्यासाठीचा पैसाही जेनसोलचाच होता, असं सेबीने म्हटलं. म्हणजे दोन्ही वाटा एकत्र!

आपल्या चाकणमध्ये कंपनीचा कारखाना. ९ एप्रिलला एनएसईचा अधिकारी तिथे गेला, तर दोन-तीन कामगार होते आणि उत्पादन होत नव्हतं. तोवर एक लाखाहून जास्त छोटे भागधारक अडकले होते.

तुम्ही काय बघाल?

बीएसई किंवा एनएसईच्या वेबसाईटवर कंपनीचं नाव टाका. मग हे तपासा:

• दर तीन महिन्यांनी येणारा भागधारकांचा तक्ता. प्रवर्तकांचा वाटा घटतोय का? त्यांचे शेअर गहाण आहेत का?
• कंपनीचे एकूण शेअर वर्षभरात किती वाढले? नवे शेअर कोणाला आणि काय भावाने दिले?
• वार्षिक अहवालात 'संबंधित पक्षांशी व्यवहार' हे पान. संचालकांच्या दुसऱ्या कंपन्यांना कर्ज किंवा ॲडव्हान्स दिलाय का?
• ऑडिटर मध्येच सोडून गेला का?

ठरावीक लोकांना नवे शेअर द्यायचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. त्यासाठी ई-मतदानाचा ईमेल येतो. आपण तो न उघडताच डिलीट करतो. तो उघडा, वाचा, पटत नसेल तर विरोधात मत द्या.

शंका आली तर आधी कंपनीला लेखी विचारा. दाद मिळाली नाही तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार करता येते. माहितीसाठी सेबीचा टोल फ्री नंबर: १८०० २२ ७५७५.

टिप देणारा ग्रुप तोट्यात वाटेकरी होत नाही, एवढं लक्षात ठेवा.