शिवणीची उलटी बाजू

शिवणकामातली जाणकार बाई कपडा आधी उलटा करून बघते. सूक्ष्मशस्त्रक्रिया शिकवणाऱ्यांनीही उशिरा का होईना, तीच सवय लावून घेतली. इथे कापड म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर व्यासाची रक्तवाहिनी, आणि दोरा ‘दहा-शून्य’ नायलॉनचा, केसाहून बारीक.

१९६० साली अमेरिकेतल्या व्हरमाँट इथे ज्युलियस जेकबसन आणि अर्नेस्टो स्वारेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्या जोडून दाखवल्या. पुढे शिकाऊ सर्जन आधी रबराच्या तुकड्यावर, मग उंदराच्या मांडीतल्या धमनीवर हात बसवू लागले. परीक्षा साधी होती. जोडाच्या पुढे दोन चिमट्यांनी वाहिनी दाबायची, मधलं रक्त पुढे निपटायचं आणि जोडाजवळचा चिमटा सोडायचा. रिकामा भाग भरला की पास!

पण रक्त भिडस्त असतं. वाईट जोडातूनही ते सुरुवातीला मुकाट वाहतं. गुठळी नंतर धरते.

म्हणून अली घानेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘अ‍ॅनास्टोमोसिस लॅप्स इंडेक्स’ ही जोडातल्या चुकांची मोजणी मांडली. तिला कोंबडीची तंगडीही पुरते, जिवंत उंदीर लागतोच असं नाही. जोड पूर्ण झाला की वाहिनी उभी चिरून पसरायची, अस्तराकडून फोटो काढायचा आणि कुणाचं काम ते न सांगता परीक्षकापुढे ठेवायचा. तो दहा प्रकारच्या चुका मोजतो: तिरका टाका, अर्ध्याच जाडीतून गेलेली सुई, कमीजास्त अंतर, आवळून फाटलेली कड, पोकळीत लोंबणारा दोरा. सगळ्यांत घातक म्हणजे समोरची भिंत शिवताना मागचीही टाक्यात सापडणं. तिथे वाटच बुजते.

माझी कुरकुर इथेच आहे. अंतर चुकलेल्या टाक्याची आणि वाट बुजवणाऱ्या टाक्याची नोंद एकेक चूक म्हणूनच होते. तुटून पुन्हा जोडलेल्या रुग्णाच्या बोटाला हा हिशेब कसा पटावा?

हात कसा चालतो हे या फोटोत दिसत नाही. त्यासाठी व्हिडिओ बघून गुण देण्याच्या पद्धती आहेत. हातांना संवेदक लावून हालचालीही मोजतात. सरावलेल्या हाताच्या हालचाली थोड्या असतात.

तरी शिकणाऱ्याला जाग आणतो तो फोटोच. वरून टाके ओळीत, गाठी नेटक्या. शिकवणारा शेजारी बसूनही फसलेला. मग कात्री फिरते, वाहिनी उलगडते, आणि तिसरा टाका पलीकडच्या भिंतीला धरून बसलेला दिसतो.