फौजी परतला, त्याचं त्यालाच सांगू द्या

साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी फौजींची गावं आहेत. पोरगा भरती झाला की गुलाल उधळतो. परतल्यावर त्याची हकिगत कोण ऐकतो? अमेरिकेत स्टोरीकोअर संस्थेने २०१२ पासून हे काम हाती घेतले. जवान आणि त्याच्या घरचे माणूस माइकपुढे बोलतात. निवडक बोलणे रेडिओवर लागते.

आपल्याकडेही ही गरज वाढणार. २०२२ च्या अग्निपथ योजनेत सेवा ४ वर्षे, पेन्शन नाही, चारांतला फार तर एक कायम. बाकीचे पंचविशीतच बांधावर. सातबाऱ्यावर नाव नाही, शेतीची सवय मोडलेली. हे त्यांनीच सांगावे.

म्हसवडला २००८ साली माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. सरपंच, तलाठी भाऊसाहेबांनी पोरांना अशा रेडिओवर न्यावं अन् स्वतःही कान द्यावा. रखडलेली वारसनोंद तिथंच कळेल.