पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना

घरच्या घरी पहिल्यांदाच जुनी मोटार दुरुस्त करणाऱ्याला प्रीमियर पद्मिनी सोयीची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात मूळ फियाट ११०० वरून घडलेल्या या गाडीला १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि कार्ब्युरेटर आहे. संगणक कुठेच नाही. बॉनेट उघडले की बहुतेक भाग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात.

पहिला मोह इंजिन सुरू करून पाहण्याचा असतो आणि तो महागात पडतो. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. म्हणून स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, ते एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मगच हँडलने इंजिन हळू फिरवावे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी शोषते, जुन्या रबरी नळ्याही खराब करते. त्या बदललेल्याच बऱ्या.

खरी परीक्षा पत्र्याची. या गाडीला वेगळी चासी नाही, सांगाडाच भार पेलतो. त्यामुळे गंजलेल्या फरशीवर पुट्टी आणि रंग चढवणे म्हणजे निव्वळ फसवणूक. तिथे कुशल वेल्डरच हवा. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधील रबरही चाचणीफेरीआधीच बदलावे. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये, भक्कम स्टँड लावावेत.

पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेतला नोंदणी क्रमांक मिळतो. मात्र इंजिन किंवा सांगाड्यात मोठे फेरबदल केलेले चालत नाहीत.